अप्पांच्या पाठीतलं पाणी तपासून घ्यावं का? वय ७६

प्रीतिसंगम, कराड

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी कराड–चिपळूण मार्गावर. मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण, हेळवाक, मग घाट उतरून पोफळी, शिरगाव, खेर्डी. हे थांबे अप्पा आजही एका दमात म्हणतात. पण सकाळची गोळी घेतली की नाही, ते दुपारी आठवत नाही.

दीड वर्षापूर्वी पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. निवृत्त झाल्यापासून अप्पा रोज रात्री घरखर्चाची वही लिहितात, अगदी वेबिल, म्हणजे फेरीचा तिकीट-हिशेब, लिहावा तशी, रुपयाचाही फरक चालत नाही. त्या वहीत एकाच दिवशी दूध तीनदा लिहिलेलं होतं आणि खाली बेरीजच नव्हती. मग गेल्या दिवाळीत दूध आणायला म्हणून बाहेर पडले ते थेट स्टँडवर गेले आणि कंट्रोलरच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून राहिले. ओळखीच्या एका जुन्या ड्रायव्हरने मला फोन केला. मी शाळेतून वर्ग सोडून तशीच पळाले. मला म्हणाले, "ड्यूटी लागायचीय अजून."

इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी १२ कमी निघालं, इंजेक्शनं झाली. सहा महिन्यांनी बी १२ चांगलं झालं, विसरणं तसंच राहिलं. थायरॉइड ठीक. पुण्याला न्यूरोलॉजिस्टना दाखवलं. स्मृतीच्या चाचणीत ३० पैकी १९ गुण आले. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, वयाच्या मानानेही जास्त आक्रसलाय म्हणाले. आता ते म्हणतात, लंबर पंक्चर करू, पाठीतल्या पाण्यात अल्झायमरची प्रथिनं दिसतात का पाहू.

घरात दोन तट पडलेत. पुण्याचा भाऊ म्हणतो, लगेच करा. आत्या म्हणते, पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. मला स्वतःला तिसरंच वाटतं. शहात्तराव्या वर्षी मेंदूत काही ना काही झालेलं असणारच की. केस पिकतात, गुडघे जातात, तसंच त्या पाण्यातही वय दिसत असेल. मग रिपोर्टमध्ये जे येईल ते आजाराचं की वयाचं, हे कुणी कसं ओळखायचं? शिवाय अप्पांना चार वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत.

ज्यांना यातलं खरंच माहीत आहे त्यांनी सांगा. रात्री झोप लागत नाही.

---

खडकवासला

ताई, एकच विचारतो. अप्पांना विचारलंत का? तुम्ही, भाऊ, आत्या, डॉक्टर असे सगळे आलात तुमच्या लिहिण्यात. ते काय म्हणतात ते नाही आलं.

---

प्रीतिसंगम, कराड

नाही विचारलं. तुमचं वाचून एकदम पोटात गलबललं. विचारते.

---

परीक्षानळी, पुणे

ताई, मी २१ वर्षं बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे करा किंवा करू नका असं मी म्हणणार नाही. त्या नळीत काय येतं आणि वयाचा त्यात हात किती, एवढं सांगू शकते.

आधी आत्याबाईंची भीती. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती हे पाणी एका वेळी साधारण १५० मिली असतं आणि शरीर दिवसाला सुमारे ५०० मिली नवं तयार करतं. तपासणीला १०-१२ मिली घेतात. तेवढं तासाभराच्या आत भरून येतं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये जाते. तिथे पाण्यात नसांचे सुटे धागे असतात, सुई आली की ते बाजूला सरकतात. सिझरला किंवा हर्नियाच्या ऑपरेशनला कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात ना, तीच जागा. तुमच्या घरात कुणाचं तसं ऑपरेशन झालं असेल तर आत्याबाईंना आठवण करून द्या.

आता तुमचा खरा प्रश्न. तो फार बरोबर आहे आणि आमच्याकडे रिपोर्ट न्यायला येणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी विचारतं.

अल्झायमरमध्ये अमायलॉइड बीटा ४२ हे प्रथिन पाण्यात कमी होतं. लोकांना हे उलटं वाटतं. ते मेंदूत साचून थर धरतं, तिथेच अडकतं, म्हणून पाण्यात उतरत नाही. पण काहींच्या शरीरात अमायलॉइड मुळातच कमी तयार होतं, काहींच्या जास्त. म्हणून ४२ ला त्याच्याच भावंडाने, म्हणजे अमायलॉइड ४० ने भागतात. त्या गुणोत्तरावर भरवसा जास्त. दुसरं फॉस्फो-टाउ, ते अल्झायमरमध्ये वाढतं. एकूण टाउ आणि न्यूरोफिलामेंट लाइट हे मेंदूच्या पेशींची पडझड किती चालू आहे ते दाखवतात, पण पडझड कशामुळे ते सांगत नाहीत. पक्षाघातात, डोक्याला मार लागल्यावर, मोटर न्यूरॉनच्या आजारातही न्यूरोफिलामेंट वाढतं. आणि ते नुसत्या वयानेही वाढतं. तिशीतल्या माणसाची मर्यादा शहात्तरीच्या माणसाला लावली तर निरोगी म्हातारा माणूसही आजारी ठरेल. त्यामुळे रिपोर्टवर त्या आकड्याची मर्यादा वयाप्रमाणे दिली आहे का, हे जरूर विचारा.

अमायलॉइडवरही वयाची सावली आहेच. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात याचं मोजमाप झालं. माणसांना खुणेचं अमिनो आम्ल दिलं आणि कमरेतून तासातासाने पाणी घेऊन पाहिलं, की नवं झालेलं अमायलॉइड किती वेळात निचरून जातं. २०१५ साली त्यांनी दाखवलं, की तिशीपासून ऐंशीपर्यंत जाताना या निचऱ्याला लागणारा वेळ जवळपास अडीचपट होतो. उतारवयात ते साचायला लागतं त्याचं एक कारण इथे आहे, असं मला वाटतं. २०१५ मध्येच बऱ्याच देशांतली माहिती एकत्र करून केलेला एक अभ्यास आला. त्यात स्मरणशक्ती अगदी चांगली असलेल्या माणसांतसुद्धा अमायलॉइड सापडण्याचं प्रमाण पन्नाशीत १० टक्के आणि नव्वदीत ४४ टक्के होतं. म्हणजे अप्पांच्या वयाच्या, वही चोख लिहिणाऱ्या, रोज स्टँडवर जाऊन नीट परत येणाऱ्या माणसांतही बऱ्याच जणांचा हा आकडा बिघडलेला असतो.

अमेरिकेतल्या नन स्टडीत ६७८ जोगिणींचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. त्यातल्या सिस्टर मेरी १०१ वर्षं जगल्या, शेवटपर्यंत चाचण्यांत चांगले गुण मिळवत होत्या. मृत्यूनंतर मेंदू पाहिला तर अल्झायमरच्या खुणा भरपूर. मला ही गोष्ट रोज कामाला बसताना आठवते.

म्हणून आकडा एकटा वाचू नका. मात्र अप्पांचं विसरणं आहे, चाचणीचे गुण आहेत, एमआरआय आहे. त्यांच्या जोडीला गुणोत्तर कमी आणि फॉस्फो-टाउ जास्त आलं, तर ते नुसतं वय म्हणून सोडून देता येणार नाही. उलट गुणोत्तर चांगलं आलं तर अल्झायमर बराचसा बाजूला पडतो आणि डॉक्टरांना दुसरीकडे शोधावं लागतं. उतारवयात हा "नाही" फार मोलाचा असतो, कारण "हो" मध्ये वय मिसळलेलं असू शकतं, "नाही" मध्ये ते तितकं नसतं.

आणि नळी! अमायलॉइड साध्या प्लास्टिकला आणि काचेला चिकटतं. एकदा आमच्याकडे एका रुग्णालयातून नेहमीच्या नळीत भरलेला नमुना आला, तोही एका नळीतून दुसरीत ओतलेला. अमायलॉइड खूप कमी दिसलं. माणसात कमी होतं की नळीच्या भिंतीवर राहिलं, हे कुणालाच सांगता येईना. त्या आजोबांना पुन्हा सुई सोसावी लागली. मला फार वाईट वाटलं होतं. तेव्हा आधीच विचारून ठेवा: पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे अमायलॉइड कमी चिकटतं त्या प्लास्टिकची, नळी आहे ना, पाणी थेट तिच्यातच धरणार ना, थंड ठेवून लॅबला कधी पोचणार. नर्स कंटाळली तरी विचारा.

---

वर्धेकर

माझी पत्नी बँकेत होती. वय ५६. रोकड जुळेना म्हणून रडत घरी यायची. दोन वर्षं नैराश्याची औषधं चालली. मी तिच्यावर चिडायचो, लक्ष नसतं तुझं म्हणायचो. ते आता आठवलं की माझं मलाच सहन होत नाही.

नागपूरला पाणी तपासलं. तिला कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले, अगदी बाळासारखे. मला तिचे हात धरायला सांगितलं. पंधरा-वीस मिनिटांत झालं. त्या रात्री काही नाही, पण दुसऱ्या दिवसापासून उठून बसलं की डोकं ठणकायचं, आडवं झालं की थांबायचं. तीन दिवसांनी गेलं. डॉक्टर म्हणाले, कमी वयात हे जास्त होतं, म्हाताऱ्या माणसांत कमी. नंतर कळलं, की बोथट टोकाची सुई मिळते, तिच्याने डोकेदुखी बरीच टळते. एका मोठ्या आढाव्यात साध्या सुईने ११ टक्के लोकांना डोकेदुखी झाली, बोथट सुईने ४.२ टक्के. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही मागून घ्या.

रिपोर्ट स्पष्ट आला, अल्झायमरच. ५६ व्या वर्षी वयाचा संशय कुठे घेणार? नैराश्याच्या गोळ्या बंद झाल्या. बँकेत कागद दाखवता आले. मुलांना आईचं वागणं कळलं. सगळ्यात मोठं म्हणजे मी चिडायचं थांबलो. आमच्या बाबतीत ती सुई लाखमोलाची होती. पण तुमचे अप्पा ७६ चे आहेत, त्यांचं आणि आमचं गणित एक नाही. माझ्या सांगण्यावर जाऊ नका, एवढं मात्र कळकळीने सांगतो.

---

डॉक्टर आजी, सोलापूर

मी ३८ वर्षं प्रॅक्टिस केली, आता निवृत्त आहे. बाळ, काही गोष्टी तुझ्या लिहिण्यात नाहीत म्हणून विचारते.

अप्पा चालतात कसे? पाय जमिनीला चिकटल्यासारखे, छोटी छोटी पावलं टाकत चालतात का? लघवी आवरत नाही असं होतं का? चाल, लघवी आणि विसरणं हे तीन एकत्र असतील तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठण्याचा आजार असू शकतो. त्यात त्याच कमरेच्या सुईने ३० ते ५० मिली पाणी काढून आधी आणि नंतर चालवून बघतात. चाल सुधारली तर शस्त्रक्रियेने फायदा होण्याची आशा असते. हा आजारही साठी-सत्तरीनंतरचाच, आणि "वय झालं" म्हणून घरात पडून राहतो. सुई घालायचीच असेल तर हा प्रश्न आधी न्यूरोलॉजिस्टच्या कानावर घाल, एकाच वेळी काम होईल.

ऐकू नीट येतं का? न ऐकलेलं माणसाला आठवणार कसं?

स्टेंटच्या गोळ्यांबद्दल: हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी स्वतःहून बंद करायची नाही. क्लोपिडोग्रेल सहसा काही दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बऱ्याचदा चालू ठेवतात, पण ते ठरवणार दोन्ही डॉक्टर मिळून.

आता, रिपोर्टने काय बदलेल? डोनेपेझिलसारखं जुनं औषध द्यायला पाण्याची तपासणी लागत नाही. लेकॅनेमॅबसारख्या नव्या औषधांना अमायलॉइडचा पुरावा लागतो. पण ती आजार बरा करत नाहीत. लेकॅनेमॅबच्या चाचणीत १८ महिन्यांनी, आजार किती वाढला ते मोजणाऱ्या १८ गुणांच्या मापावर, औषध घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत ०.४५ चा फरक दिसला. आणि मेंदूत सूज, रक्तस्राव होण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या माणसात मी हात आखडताच घेईन. रक्तातूनही आता फॉस्फो-टाउ २१७ पाहता येतं. अमेरिकेत मे २०२५ मध्ये अशा पहिल्या रक्ततपासणीला मान्यता मिळाली. तुमच्या डॉक्टरांना तो पर्याय विचार, मात्र किडनी अधू असेल तर रक्तातला तो आकडा फसवू शकतो.

ऐंशीच्या आसपासच्या मेंदूत बहुधा एकच आजार नसतो. अमायलॉइडबरोबर बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान, टीडीपी-४३ नावाच्या प्रथिनाचा साठा, असं मिळून असतं. त्या टीडीपी-४३ साठी पाण्यातली खात्रीची तपासणी अजून नाही. त्यामुळे "हो" आलं तरी सगळं उत्तर मिळालं असं धरून चालू नकोस.

बँकेतलं वारसाचं नाव, पेन्शनचे कागद, इच्छापत्र हे रिपोर्टची वाट न बघता आत्ताच कर. अप्पांना स्वतः समजून सही करता येतेय तोवर. आणि खडकवासल्याच्या गृहस्थांनी विचारलंय ते सगळ्यात आधी.

---

प्रीतिसंगम, कराड

पावणेदोन महिन्यांनी लिहितेय. उशीर झाला, माफ करा.

अप्पांना विचारलं. सकाळी चहा झाल्यावर ते सगळ्यात चांगले असतात, तेव्हा ओट्यावर बसून. आईसुद्धा होती. मी म्हटलं, अप्पा, तुम्ही विसरता त्याचं कारण शोधायला कमरेत सुई घालून पाणी काढायचं म्हणतात. म्हणाले, "कुठं?" मी माझ्या कमरेवर हात ठेवून दाखवलं. लगेच म्हणाले, "हर्नियाला दिली होती तिथंच की. मग त्याचं काय एवढं." आम्हाला कुणालाच ते ऑपरेशन आठवलं नव्हतं, त्यांना आठवलं. मग विचारलं, "कारण कळल्यावर औषध आहे का?" मी खरं सांगितलं, की बरं करणारं नाही. बराच वेळ रस्त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "गाडीला पाटी नसली की लोक चढत नाहीत, नुसते विचारत राहतात. पाटी लावून घ्या."

मग मात्र मी मागे-पुढे केलं नाही.

चाल ठीक आहे, लघवीचा त्रास नाही. तरी डॉक्टर आजींचा प्रश्न न्यूरोलॉजिस्टना सांगितला. त्यांनी एमआरआय पुन्हा लावून पाहिला, अप्पांना कॉरिडॉरमध्ये चालवलं आणि तसं वाटत नाही म्हणाले. डाव्या कानाने कमी ऐकू येतं हे निघालं, यंत्र बसवलंय. हृदयाच्या डॉक्टरांनी क्लोपिडोग्रेल सात दिवस थांबवायला सांगितलं, ॲस्पिरिन चालू ठेवलं. बोथट सुई आणि पॉलिप्रॉपिलिनची नळी दोन्ही मी वहीत लिहून नेलं होतं. नर्सताईंनी नळी काढून मला हातात दाखवली. अप्पांचं डोकं दुखलं नाही. येताना खंबाटकीच्या अलीकडे गाडी थांबवून वडापाव खाल्ला.

गुणोत्तर कमी आलं, फॉस्फो-टाउ वाढलेलं. न्यूरोफिलामेंट त्यांच्या वयाच्या मर्यादेच्या थोडंसंच वर. डॉक्टरांनी अर्धा तास बसून समजावलं, की तिन्ही मिळून आणि अप्पांचं वागणं धरून हा अल्झायमर आहे, त्यात रक्तवाहिन्यांचाही थोडा वाटा असेल. नवी इंजेक्शनं त्यांच्यासाठी नकोत म्हणाले. एमआरआयमध्ये जुन्या बारीक रक्तस्रावाचे ठिपके होते, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या. डोनेपेझिल सुरू केलंय, त्याआधी ईसीजी काढला.

आत्या येऊन अप्पांना चालवून बघून गेली. पेन्शनचं आणि इच्छापत्राचं काम झालं. स्टँडवर कंट्रोलरकडे माझा आणि आईचा नंबर लिहून दिलाय, अप्पांच्या खिशातही चिठ्ठी असते. खर्चाची वही आता आई लिहिते, अप्पा शेजारी बसून बेरीज करतात. अजून बेरीज बरोबर येते.

एक नवीन चिंता. भावाला आता स्वतःचं पाणी तपासून घ्यायचंय. वय ४८, त्रास काही नाही. रिपोर्ट आल्यापासून त्याने मनात घेतलंय.

---

डॉक्टर आजी, सोलापूर

बाळ, भावाला सांग, नको.

काही मोजक्या घराण्यांत एका जनुकाच्या दोषामुळे हा आजार लवकर, बहुतेक साठीच्या आतच येतो. अशा घराण्यांच्या २०१२ च्या अभ्यासात लक्षणं अपेक्षित असण्याच्या २५ वर्षं आधी पाण्यातलं अमायलॉइड कमी होऊ लागल्याचं दिसलं. अप्पांना सत्तरीनंतर सुरू झालं, तुमचं घर त्यातलं वाटत नाही. उशिरा येणाऱ्या आजारातही आकडे आधीच हलतात. चीनमधल्या २०२४ च्या अभ्यासात निदानाच्या १८ वर्षं आधी अमायलॉइडचा फरक दिसला. पण तो मागे वळून, म्हणजे ज्यांना पुढे आजार झाला त्यांचे जुने नमुने पाहून, मोजलेला आहे. ४८ व्या वर्षी आकडा बिघडलेला आला तर आजार कधी येईल, येईल तरी का, हे त्याला कुणीही सांगू शकणार नाही. आणि द्यायला औषधही नाही. लक्षणं नसलेल्या माणसाची ही तपासणी नेहमीच्या उपचारात करू नये, असंच तज्ज्ञांचं मत आहे.

त्याचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कान तपासून घे. सिगारेट ओढत असेल तर सोडायला लाव. झोपेत घोरतो का, वहिनीला विचार.

डोनेपेझिलने नाडी मंदावू शकते, म्हणून पहिले दोन महिने अप्पांची नाडी रोज सकाळी मोजून त्याच वहीत लिहायला आईला सांग. पन्नासच्या खाली गेली किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर.